सहा बाटल्या, एक नाक : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुनी वही खाली आली. २०१६ पासून प्यायलेल्या जवळजवळ प्रत्येक व्हिस्कीची नोंद तिच्यात आहे. पाय पसरून वाचत बसलो आणि दहा मिनिटांत लाज वाटायला लागली. 'हेदरचा मध', 'ख्रिसमस केक', 'गूजबेरी', 'मार्झिपान'. हेदरचं झुडूप मी जन्मात पाहिलेलं नाही. मार्झिपान एकदा खाल्लंय, ईस्टरच्या सुमारास कॅम्पातल्या बेकरीत, तेही बदामाऐवजी काजूचं. म्हणजे वास आला माझ्या नाकाला आणि शब्द उचलले दुसऱ्याचे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एकच व्हिस्की वहीत दोनदा आहे. २०१७ मध्ये शंभरपैकी ८१, २०१९ मध्ये ९१. पहिल्या वेळी ती मी स्वतः विकत घेतली होती. दुसऱ्या वेळी साहेबांच्या घरी, जड काचेच्या ग्लासात, साहेबांनी स्वतः ओतून दिलेली.

मी चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. एखाद्या पोराने एकाच शाफ्टची दोन मापं इतकी वेगळी आणली, तर आम्ही आधी पोराला ओरडत नाही, मायक्रोमीटर तपासतो. इथे मायक्रोमीटर मीच.

ठरवलं : सहा बाटल्या, न बघता, दोन फेऱ्या. मग कारखान्यात करतो तसा स्वतःचा गेज आर अँड आर. मापातला किती फरक मालाचा आणि किती मापणाऱ्याचा, ते त्यातून कळतं.

१० नोव्हेंबर, रविवार

बाटल्या जमल्या. ब्लॅक लेबल आणि अमृत फ्युजन इथल्याच दुकानातून. रेडब्रेस्ट १२ आणि आर्डबेग १० डब्लिनच्या मित्राने दिवाळीला येताना आणल्या. माणशी दोन लिटर आणता येतात, त्यात दोन बाटल्या आरामात बसतात. वाइल्ड टर्की १०१ विमानतळावरची, माझीच. निक्का फ्रॉम द बॅरल ओसाकाहून आलेल्या सहकाऱ्याची भेट, ठेंगणी चौकोनी अर्ध्या लिटरची बाटली. हिला ती शाईच्या दौतीसारखी वाटली.

सहाच का? जास्त घेतल्या तर नाक मरतं. आणि या सहांत कायदे वेगवेगळे आहेत, ही खरी गंमत. स्कॉचला (ब्लॅक लेबल, आर्डबेग) ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं, जुनं पिंप चालतं. अमेरिकेच्या बर्बनमध्ये (वाइल्ड टर्की) मका किमान ५१ टक्के आणि पिंप दर वेळी नवं, आतून जाळलेलं. आयर्लंडच्या पॉट स्टिल पद्धतीत (रेडब्रेस्ट) मोड आणलेल्या बार्लीबरोबर बिनमोडाची कोरडी बार्लीही घालतात. बंगळुरूच्या अमृत फ्युजनमध्ये पाऊण भाग आपल्याकडची बार्ली आणि पाव भाग स्कॉटलंडहून आणलेली, पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून काढलेल्या जळणाच्या, धुरावर वाळवलेली. निक्काबद्दल पुढे लिहीन, तिचं प्रकरण निराळं आहे.

दुकानदाराने आपुलकीने आणखी एक स्वस्त बाटली सुचवली होती. घेतली नाही. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे सगळ्यात जास्त खपतं, त्यात मळीपासून काढलेलं मद्यार्क भरपूर असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, तिथे धान्य लागतं. चवीला वाईटच असतं असं नाही, पण सफरचंदांच्या स्पर्धेत पेरू कशाला?

नियम. रविवारी सकाळी अकरा वाजता, जेवणाआधी. आदल्या रात्री लसूण-कांदा नाही. औषधाच्या सिरिंजने मोजून प्रत्येकी १५ मिली. बरीचशी थुंकायची, त्यासाठी आजीचं पितळी तस्त बाहेर काढलंय. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे. ओतणार ही, दुसऱ्या खोलीत. ग्लासांवर तीन आकडी नंबर, कारण १, २, ३ लिहिलं की पहिला नंबर आपोआप लाडका होतो. गुण वास, चव, मागे रेंगाळणारी चव आणि एकूण तोल यांना प्रत्येकी २५.

"रविवारी सकाळी अकरा वाजता दार उघडं ठेवून दारू पिणार तू?"

"दार बंद ठेवू."

"मग तर शेजारी नक्कीच विचारतील."

ती स्वतः पीत नाही. पण तिचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे, आणि नाक असं की मिरची कुठल्या दुकानची हे पोतं उघडायच्या आधी सांगते. तिला फक्त वास घ्यायला राजी केलंय.

रंग लपवायला हवा. स्कॉचमध्ये पाण्याशिवाय एकच गोष्ट घालायला परवानगी आहे, ती म्हणजे साधं कॅरॅमल, रंगापुरतं. त्यामुळे गडद म्हणजे जुनी हा हिशेब चुकतो, पण डोळे तो हिशेब करतातच. वास घ्यायच्या खास ग्लेनकेर्न ग्लासांना बाहेरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. कल्पना झकास वाटतेय.

१७ नोव्हेंबर, रविवार

कल्पना भिकार होती.

पहिल्या ग्लासात रबर. दुसऱ्यातही रबर, वर थोडी काकवी. तिसऱ्यात मी 'नवीन टायर, गंधकाची छटा, शेरीची पिंपं असावीत' असं झोकात लिहिलं. चौथ्याला ही म्हणाली, "अरे, तो वास टेपचा आहे." ग्लास हाताच्या उबेत धरायचा, टेपही तापायची, आणि नाक अगदी काठावर.

फेरी रद्द. माल परत बाटलीत घालायचा नाही असं ठरवलेलं, म्हणून तो संध्याकाळी मेहुण्याच्या पोटात गेला. त्याला कुठेही रबर लागलं नाही.

पुढच्या वेळी स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल. तिला वास नाही.

'शेरीची पिंपं असावीत' हे वाक्य खोडलेलं नाही. राहू दे तिथेच.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. परवा संध्याकाळपासून दुकानांची शटर खाली, मोजणीच्या दिवशी परत. बाटल्या आधीच घरात आहेत, तेवढं बरं.

२४ नोव्हेंबर, रविवार. पहिली फेरी.

हवा कोरडी, नाक मोकळं. क्रम हिने चिठ्ठ्या टाकून ठरवला. ग्लास कुठला ते नंतर कळलं, खाली मी नावं घालून लिहितो.

ब्लॅक लेबल सगळ्यात पहिली आली. ७८. पहिला घोट म्हणजे जिभेला चटका, बाकी काही कळत नाही. तिच्या नशिबी तो आला.

वाइल्ड टर्की ८०. निक्का ८५. अमृत ८७. रेडब्रेस्ट ८६ : पिकलेली वेलची केळी, तेलकट, जिभेवर साईसारखा थर. हा तेलकटपणा बिनमोडाच्या बार्लीचा, आणि तो न बघताही ओळखू येतो. मिडल्टनच्या डिस्टिलरीत ती तीनदा ऊर्ध्वपातित करतात, तरी अंगाने भरलेली राहते.

आर्डबेग शेवटी. ९०. धूर आला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. बाकी पाच जणांनंतर ती अशी आली, जशी लग्नाच्या पंगतीत सगळं गोड खाऊन झाल्यावर मठ्ठ्याची वाटी.

शब्द या खेपेला मराठीत लिहायचे असं ठरवून बसलो होतो. जमेना. 'धूर' लिहून थांबलो. धूर म्हणजे कसला? मी गप्प बसलेला बघून हिने आर्डबेगचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "चूल विझवताना पाणी मारतात ना, तो. जळणाचा नाही, विझवण्याचा." आणि मग, "आणि टिंक्चर आयोडीन. गुडघा फुटल्यावर लावायचे ते."

आठ वर्षं मी 'पीटी' एवढंच लिहीत होतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज व्हिस्की नाही. आज डब्या.

हिच्या मसाल्याच्या कपाटातून वीस छोट्या काचेच्या बरण्या घेतल्या आणि नाकासाठी मापं तयार केली. कारखान्यात गेज तपासायला स्लिप गेज असतात, तसे हे. व्हिस्कीच्या वासांची नावं गोलात मांडलेलं 'वासांचं चक्र' स्कॉटलंडमध्ये १९७९ मध्येच बांधलं गेलं. संशोधकांनी उद्योगासाठी एक समान शब्दसंग्रह बनवला. पण तो त्यांच्या स्वयंपाकघरातला. आपल्या स्वयंपाकघरातला कोण बनवणार?

लवंग, कारण ओकच्या लाकडात युजेनॉल असतं आणि लवंगेतही तेच. इथे उपमा द्यायची गरज नाही, रेणूच एक. सुकं खोबरं, कोरडं भाजलेलं, कारण अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनचा वास नारळाचा. काकवी. गूळ वेगळा, चिक्कीचा जरासा करपलेला पाक वेगळा. जायफळ. वेलची केळं, अगदी काळे ठिपके पडलेलं. भिजवलेले मनुके. भाजलेले फुटाणे. कात. चुन्याची निवळी. टिंक्चर. विझलेल्या उदबत्तीचं टोक. आणि दगडफूल.

दगडफुलावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, कुठल्या व्हिस्कीत दगडफूल असणार? ही म्हणाली, "घेऊन तर बघ." कोरडं दगडफूल नुसतं हुंगलं तर पहिल्यांदा काहीच नाही. तळहातावर चुरगळलं, श्वासाची वाफ दिली, तेव्हा कळलं : ओली माती, थोडी राख, जुन्या झाडाची साल. अमृत फ्युजनच्या मागे जे रेंगाळत होतं आणि ज्याला मी वहीत 'हलका पीट, मॉस' लिहायचो, ते हेच. गोड्या मसाल्याच्या वासात बालपण गेलं आणि शब्द मात्र दलदलीतून आणत होतो.

८ डिसेंबर, रविवार. दुसरी फेरी.

तेच सहा, नवे नंबर, नवा क्रम. मला पहिल्या फेरीचे गुण आठवू नयेत म्हणून वही हिने पिठाच्या डब्यामागे ठेवली होती.

वाइल्ड टर्कीने आज मला गाठलं. बरण्यांचा परिणाम असणार. लवंग, खोबरं, काकवी, तिन्ही एकामागून एक, जणू नावाने हाक मारली. बर्बनचं पिंप कायद्याने नवं असतं, म्हणजे लाकडाचा पहिला आणि सगळ्यात दाट अर्क त्यालाच मिळतो. ही मंडळी पिंप आतून चार नंबरपर्यंत जाळतात. कोळसा इतका भेगाळतो की त्याला मगरीची पाठ म्हणतात. बर्बनचं एकदा झालं की त्या पिंपाचा त्यांना दुसऱ्यांदा उपयोग नाही. मग ती जहाजाने स्कॉटलंडला, आयर्लंडला, बंगळुरूलाही. सहापैकी बाकीच्यांच्यात जो खोबऱ्याचा पुसटसा वास आहे, तो बर्बनवाल्या केंटकीचा उरलेला चोथा आहे म्हणा ना. ८८ दिले.

आर्डबेग आज मधेच आली, ८२. तिच्या लगेच मागून निक्का, ७९. निक्काचा काही दोष नाही. त्या धुरानंतर नाकाला काहीच दिसत नव्हतं. ब्लॅक लेबल आज चौथी, ८४. रेडब्रेस्ट ८५. अमृत ८८.

९ डिसेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत हिशेब केला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं ग्राहकाचा रिपोर्ट आहे.

ब्लॅक लेबल ७८ आणि ८४, फरक ६. रेडब्रेस्ट ८६, ८५, फरक १. वाइल्ड टर्की ८०, ८८, फरक ८. आर्डबेग ९०, ८२, फरक ८. अमृत ८७, ८८, फरक १. निक्का ८५, ७९, फरक ६. बेरीज ३०, सहांनी भागलं, सरासरी ५.

म्हणजे तीच व्हिस्की मला दोनदा दिली तर मी सरासरी पाच गुणांनी इकडेतिकडे होतो. आणि सहाही व्हिस्क्यांच्या सरासरी गुणांत सगळ्यात वरची (अमृत, ८७.५) आणि सगळ्यात खालची (ब्लॅक लेबल, ८१) यांच्यात अंतर किती? साडेसहा.

सूत्रात घातलं. एकूण फरकात मापणाऱ्याचा वाटा ८८ टक्के आला. वाहन उद्योगात १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज उत्तम, ३० च्या वर गेला तर भंगारात. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचं गेज मी आजवर पाहिलेलं नाही. ते असं पिंपरीहून बसने घरी जाताना मला आरशात दिसलं.

सहा बाटल्या आणि दोनच फेऱ्या म्हणजे माल थोडा आहे, मान्य. सहाही चांगल्याच होत्या, त्यामुळे मालातला फरकही कमी. पण ८९ चांगली की ८७ चांगली यावर मी लोकांशी तासन्‌तास घातलेले वाद आठवले. ९० च्या वरची घ्यायची, खालची नाही, असं ठरवून मी पगार खर्च केलेला आहे.

रात्री दोन्ही फेऱ्यांचे शब्द शेजारी शेजारी ठेवले. इथे मात्र चित्र वेगळं. आर्डबेगपुढे दोन्ही वेळा 'विझवलेली चूल, टिंक्चर, लिंबाची साल'. रेडब्रेस्टपुढे दोन्ही वेळा 'केळं, तेलकट, साय'. गुण आठने घसरले, शब्द जागचे हलले नाहीत. फक्त ब्लॅक लेबल आणि निक्काचे शब्द एकमेकांत सांडलेले : मनुके, मध, हलका धूर, संत्र्याची साल, दोघींकडे.

गुण बंद. पुढचा प्रकल्प शब्दांचा.

२२ डिसेंबर, रविवार

पाण्याचा दिवस. 'पाणी घातलं की व्हिस्की मरते' असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमच्याकडे दोन आहेत.

वाइल्ड टर्की ५०.५ टक्क्यांची. १५ मिलीत जवळपास ४ मिली पाणी घातलं की ४० वर येते. सिरिंजने थेंब थेंब घालत गेलो. तिसऱ्या मिलीला लवंग मागे सरली आणि केळं पुढे आलं. चौथ्याला पिकलेलं केळं अगदी ठळक, आधी ते नव्हतंच. अमृतला तेवढंच पाणी घातलं तर दगडफूल वर आलं.

याचं कारण २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल मद्यार्काला चिकटून राहतो. ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात मद्यार्क पृष्ठभागाकडे येतं, त्याच्याबरोबर ग्वायाकॉलही, म्हणजे नाकाजवळ. ५९ च्या वर गेलं की ते सगळं आत बुडतं. काकांना सांगितलं. काका म्हणाले, "स्वीडनमध्ये काय कळतंय रे." घातलं मात्र त्यांनी थोडंसं.

इथल्या बाटल्यांवरचा ४२.८ हा विचित्र आकडा कुठून आला, तेही आज हिशेब करून बघितलं. जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. त्याचे ७५ टक्के केले की ४२.८. साहेब गेला, त्याची फूटपट्टी राहिली.

१२ जानेवारी २०२५, रविवार

नाशिक रस्त्याला मित्राच्या शेतावर हुरडा. बाटली नेली नाही, वही नेली. शेणीच्या आरावर कणसं भाजतात, मग हातावर चोळतात. तो धूर कोरडा, गोडसर, दाण्याच्या दुधाचा वास मिसळलेला. आर्डबेगचा तो नव्हेच. हिचंच बरोबर : विझवण्याचा. पीट म्हणजे शेवटी ओलीच वस्तू, दलदलीत हजारो वर्षं साचून कुजलेल्या वनस्पती, कापून वाळवलेल्या.

पण हुरड्याचा वास कुठेतरी आलाय आधी. आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार. मडगाव.

आतेभावाकडे. इथून दक्षिणेला कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी. बाटली गोव्यातून परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा, म्हणून बरण्यांची पिशवीच घेऊन आलो. आत्या म्हणाल्या, "इतका मसाला कशाला आणलास रे, इथे मिळत नाही का?"

त्यांची ब्रिलियन्स : भाजलेली बार्ली, मध, कोकोची पूड, जराशी वेलची. त्यांचीच बोल्ड : आणि इथे तो सापडला, हुरडा. पीट आयलाचाच वापरतात, आर्डबेगच्याच बेटावरचा, पण धान्य आपलं आणि उन्हाळाही आपला. कोरडा गोड धूर. मी काही न सांगता आतेभावाने म्हटलं, "शेणीवर भाजलेल्या काजूबियांसारखं लागतं." त्याचं बालपण वेगळं, वास तोच.

उन्हाळ्याचा हिशेब त्याच्या अंगणात बसून मांडला. पिंपातून दर वर्षी जे उडून जातं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये साधारण दोन टक्के, बंगळुरूत दहा ते बारा. ११ धरले, तर शंभर लिटरचे पाच वर्षांत ५६ उरतात आणि बारा वर्षांत पंचवीसच्या आत. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनंतरही ७८ शिल्लक. म्हणून आपल्याकडच्या बाटलीवर वयाचा मोठा आकडा क्वचित दिसतो. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची काढली तेव्हा नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं, अधाशी देवदूत. बारा वर्षांपेक्षा कमी म्हणजे कच्ची, हे वहीत मी किती वेळा लिहिलंय ते मोजलं नाही.

आतेभाऊ हिशेबात रस न घेता म्हणाला, "आमचे देवदूत फेणी पितात."

२५ जानेवारी, शनिवार

आज स्कॉटिश कवी बर्न्सची जयंती, तिकडे जेवणावळी असतात. २०१० च्या अशाच एका बर्न्स नाइटला एडिंबरोच्या लीथ भागात जाणकारांपुढे झाकलेले ग्लास ठेवले होते. तिथे तैवानची कवालान पहिली आली, स्कॉच व्हिस्क्यांच्या पुढे. कवालानची पहिली धार २००६ मध्ये पडली होती, म्हणजे माल चार वर्षांचाही नव्हता. त्यांचे सल्लागार जिम स्वान हे १९७९ च्या त्या वासांच्या चक्रामागच्या मंडळींपैकी एक. ज्याने स्कॉटलंडच्या वासांना नावं ठेवली, त्यानेच स्कॉटलंडला हरवणारी बनवायला मदत केली.

त्याच वर्षी अमृत फ्युजनला व्हिस्की समीक्षक जिम मरी यांनी जगात तिसरा क्रमांक दिला. तेव्हा इथे बऱ्याच जणांना ती मिळते कुठे हेही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

त्या संध्याकाळच्या परीक्षकांचा गेज आर अँड आर किती आला असता? असो. उद्या ड्राय डे.

२ फेब्रुवारी, रविवार. शब्दांची परीक्षा.

सहा पुठ्ठ्याची कार्डं. प्रत्येकावर एका व्हिस्कीचं वर्णन, नाव नाही, गुण नाहीत, परदेशी फळ नाही. सहा ग्लास, फॉइलमध्ये. सगळ्या २० टक्क्यांपर्यंत पाणी घालून सारख्या केल्या. व्हिस्क्या मिसळणारे ब्लेंडर लोक वास घेताना असंच करतात, म्हणजे नुसत्या तिखटपणावरून ओळखता येत नाही. या वेळी ओतणारा मी, परीक्षा हिची. फक्त हुंगून कार्डं ग्लासांपुढे लावायची.

पुढची वीस मिनिटं मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. ती ग्लास उचलायची, बरणी उघडायची, परत ग्लास. मध्येच स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसायची. नाक कोरं करायची तिची ही पद्धत, मसाला दळताना पडलेली सवय. आर्डबेगचं कार्ड दोन सेकंदांत लागलं. वाइल्ड टर्की पाचेक सेकंदांत. रेडब्रेस्टला केळ्याची बरणी दोनदा उघडली. अमृतपाशी थांबली, दगडफूल चुरगळलं, मान हलवली, कार्ड ठेवलं. उरल्या दोन. तिथे बराच वेळ गेला. कार्डं इकडची तिकडे, परत तिकडची इकडे.

निकाल : सहापैकी चार. पाच येणं शक्यच नसतं, पाच बरोबर लागले की सहावं आपोआप लागतं. निव्वळ नशिबाने कार्डं लावली तर ७२० मांडण्यांपैकी फक्त १६ मध्ये चार किंवा त्याहून जास्त जुळतात. म्हणजे सव्वादोन टक्के. हे गेज मी पास करतो.

चुकल्या त्या अर्थातच ब्लॅक लेबल आणि निक्का. आता निक्काचं प्रकरण. जपानचा मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला, तिथली व्हिस्कीची विद्या आणि तिथलीच बायको घेऊन परतला. १९२३ च्या यामाझाकी डिस्टिलरीच्या उभारणीत होता, मग १९३४ मध्ये होक्काइदोवर योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली. तीच पुढे निक्का. २०२१ मध्ये जपानच्या उत्पादकांनी 'जपानी व्हिस्की' कशाला म्हणायचं याचे नियम स्वतःच घातले, आणि फ्रॉम द बॅरल त्या नियमांत पूर्ण बसत नाही हे निक्काने स्वतःच जाहीर करून टाकलं. स्कॉटलंडमधली बेन नेव्हिस डिस्टिलरी १९८९ पासून निक्काच्याच मालकीची आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग चुकले कुठे मी? माहेर एकच निघालं ना."

कार्डं दुरुस्त करायची आहेत. निक्काच्या कार्डावरचे 'मनुके' हिने खोडायला लावले. "मनुके दोघींत आहेत, मग लिहून काय उपयोग? जे दुसरीत नाही ते लिही." मग निक्काचा ग्लास परत हुंगला, बराच वेळ. "नवी पेन्सिल. टोक काढल्यावरची." मी हुंगलं. होती. आज तीन महिने होती.

वीस बरण्यांत पेन्सिलची साल वाढवली. दगडफुलाची बरणी तिने परत नेली, मंगळवारी गोड्या मसाल्याची तीन किलोची ऑर्डर आहे.